पट्टीआडून पाहिलेला पिक्चर

चष्म्याचा नंबर काढायला मी डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते, पण कान मात्र शेजारच्या बाकावर! तिथे दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एक आजी होत्या आणि त्यांना अगदी खेटून आजोबा.

"अहो, काल टीव्हीवरच्या पिक्चरचा शेवट तुम्ही मला खोटा सांगितलात."

"खोटा कसा? तो परत आला, दोघं भेटले, संपलं."

"मी ऐकत होते ना! गाडी निघून गेली आणि मग नुसता वारा. भेटले असते तर एवढी शांतता ठेवतात होय?"

"बरं बाई, नाही आला. ती फलाटावर उभीच राहिली. तुला वाईट वाटेल म्हणून मी जरा गोड केला."

"वाईट वाटू दे की! तसला पिक्चर चार दिवस सोडत नाही. तो कुठे अडकला असेल, येईल का, आपलं आपण जुळवत बसता येतं. गोड शेवट म्हणजे लहान मुलाला थोपटून झोपवल्यासारखं."

"तुझं आपलं काहीतरीच."

"मघाशी डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला नेलं. काय म्हणाले?"

"सगळं छान आहे म्हणाले."

"अहो."

"काय?"

"गोड न करता सांगा."

आतून माझं नाव पुकारलं. मी ऐकलंच नाही.

"उजव्याने दिसेल. डाव्याचं आत्ताच काही सांगता येत नाही, म्हणाले."

"असंच म्हणाले?"

"अगदी असंच."

"बरं. मग तुम्ही नाक कसलं ओढताय? डोळे माझे आहेत!"