फिटर नाचला ती संध्याकाळ

बायको (फोनवर) : तुम्ही नाचलात? स्वतःच्या वरातीत बँडवाल्याने हात जोडले, तरी घोड्यावरून खाली उतरला नव्हतात तुम्ही!

फिटर : अगं, ओढलंच त्यांनी मला. काल मी इथे बसवलेल्या मशीनची ट्रायल झाली, एकदम झकास. कारखाना सुटल्यावर फोरमनने दंडाला धरलं आणि चालायलाच लागला. त्याची भाषा मला कळत नाही, माझी त्याला. वाटलं, जेवायला नेतोय.

बायको : मग?

फिटर : मागच्या गल्लीत एक हॉल. दिवे, बाजा, बायका-पुरुष सगळे मिळून नाचतायत. मी आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! म्हटलं, मशीन बसल्याची पार्टी दिसतेय.

बायको : प्यायलात?

फिटर : सरबत गं. म्हणजे... सरबतच असावं.

बायको : असावं म्हणे! बरं, पुढे?

फिटर : पॅकिंगमधली एक बाई आहे, आपल्या अक्काच्या वयाची. तिने दोन्ही हात धरून मला पावलं शिकवली. एक पुढे, दोन मागे. मी आपला दर वेळी तिच्या पायावर पाय. ती खो-खो हसायची. मध्येच एक जण माझ्या गळ्यात पडून रडला.

बायको : रडला? का?

फिटर : मला काय कळणार? पाठ थोपटली त्याची. वाटलं, जास्त झाली असेल. निघताना त्या बाईने माझ्या गालावरून हात फिरवला.

बायको : मग छानच झालं की. सकाळी सकाळी आवाज का असा पडलाय?

फिटर : आत्ता दुभाषी मुलगी भेटली. विचारते, निरोपाचा कार्यक्रम आवडला का? म्हटलं, निरोप कुणाचा? तर म्हणे, पॅकिंगच्या चौदा जणांचा. आज शेवटचा दिवस त्यांचा. आजपासून त्यांचं काम तुमचं मशीन करणार.

बायको : अगं बाई!

फिटर : तीन आठवडे त्यांच्याच डब्यातलं खाल्लं गं मी. मशीन जागेवर सरकवायलासुद्धा तेच आले होते.

बायको : आणि तरी तुम्हाला बोलावलं?

फिटर : तेच डोक्यात शिरत नाहीये. तिला विचारलं, माझ्यावर राग नाही यांचा? तर म्हणाली, त्यांनीच फोरमनला बजावलं होतं, पाहुण्याला आणायचं, एकटाच खोलीवर बसून असतो.

बायको : अहो...

फिटर : आता मी करू काय? माफी मागू? की आभार मानू? तू सांग.

बायको : मी काय सांगू? दादाची नोकरी गेली, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या माणसाला आम्ही वर्षभर शिव्या घातल्या. तोंडही पाहिलं नव्हतं त्याचं.

(कारखान्याचा भोंगा वाजतो.)

फिटर : चल, बटण मलाच दाबायचंय. ती बाई मशीनपाशी येऊन उभी आहे.

बायको : फोन ठेवू नका. कानाशीच राहू दे. जा.

फिटर : ...झालं सुरू.

बायको : ती काय करतेय?

फिटर : पहिला खोका जरा तिरका आला. तिने हाताने सरळ केला.

बायको : आणि दुसरा?

फिटर : दुसरा सरळच आला. ती हात तसाच पुढे धरून उभी आहे.