पाच जणांच्या मागचा सहावा

मी मूळची नागपूरची, इंदोऱ्याची. बाबा गिरणीत होते, आई घरी आम्हा लेकरांचं पाहायची, अन् शिका शिका म्हणून दोघंही मागं लागलेले, म्हणून मी शिकली, लॅब टेक्निशियन झाली, लग्न झालं अन् यांच्यासोबत एडमंटनला आली. तुम्ही विचारलं माझ्या राहुलच्या फुटबॉलचं अन् मी नागपूरपासून सुरू करून राहिली, पण काय सांगू तुम्हाले ताई, मले मागचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगताच येत नाई.

इथं आल्यावर पुन्हा परीक्षा दिल्या अन् हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली, ती कॅज्युअल म्हणून. कॅज्युअल म्हणजे आपली स्वतःची शिफ्ट नाई. कोणी आजारी पडलं, कोणाची गाडी बर्फात फसली, की फोन येते, येऊ शकते का म्हणून. आला तर जायचं, नाई आला तर घरी बसायचं, पण तयारीनं बसायचं. वॉशरूममध्ये जाताना फोन सोबत, ग्रोसरीला गेली तरी फोन हातात. अशी किती वर्षं काढली मी. आमच्या मंडळातल्या बाया म्हणत, तुझं बरं आहे, रिकामीच असते. रिकामी नव्हती मी. परमनंटवाल्या एकाच मशीनवर राहत, मले सगळ्या मशिनी शिकाव्या लागत, कारण कोणाच्या जागी उभं करतील याचा काही नेम नव्हता.

असंच माझ्या राहुलचं. जन्म इथला, हाडापेरानं दांडगा, सातवीत होता तेव्हाच यांच्यापेक्षा उंच झाला. आम्हाले वाटे इंजिनिअर होईन, तर हा फुटबॉलमध्ये. आपला पायानं खेळायचा नाई, अमेरिकन फुटबॉल, इकडं कॅनडात मैदान मोठं अन् नियम जरा वेगळे, बाकी तेच. त्यात पाच दांडगी पोट्टी पुढं उभी राहतात. मधला जो सेंटर, तो वाकून दोन पायांच्या मधून बॉल मागं टाकते, मागचा पोट्टा तो झेलते अन् पुढं फेकते, अन् त्याच्या अंगावर कोणी येऊ नये म्हणून हे पाच जण भिंतीसारखे अडून राहतात. यांचं नाव कोणी घेत नाई. चुकले तरच लोकाले दिसतात. अन् राहुल इथल्या एडमंटनच्या टीममध्ये लागला, पण त्या पाचातही नाई. तो सहावा. डावीकडला पडला तर डावीकडं, उजवीकडला पडला तर उजवीकडं, सेंटर पडला तर सेंटर. याले ते लोक डेप्थ म्हणतात. त्यानं पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, अरे, म्हणजे तू कॅज्युअल आहेस. तो हसला, म्हणे, एक्झॅक्टली मॉम.

मागच्या सीझनला काय झालं, राहुलच्या टीमच्या सेंटरचा खांदा गेला, राहुल आत गेला, अन् त्याच मॅचमध्ये राहुलचा गुडघा गेला. मग सातवा कोण? सातवा नव्हताच. ज्यानं जन्मात कधी बॉल मागं टाकला नाई त्याले उभं केलं, अन् त्यानं टाकलेला बॉल मागच्याच्या डोक्यावरून गेला. मॅच तिथंच गेली. मी स्टेडियममध्ये होती, पण मले मॅचचं काय, मी गुडघ्याकडं पाहून राहिली होती.

राहुलचं ऑपरेशन झालं. कोच त्याले म्हणे, मले बॉल टाकणारा आणखी एक पाहिजे, एक नवीन पोट्टा येऊन राहिला, तू तयार कर. तो कोडी. विंडसरचा, बाप गाड्यांच्या कारखान्यात. सीझनआधी कॅम्प राहते, त्यात कोणाले ठेवायचं ते ठरते, त्याच्याही आधीच आला बिचारा, राहायले जागा नाई, तर राहुलनं त्याले आमच्या बेसमेंटमध्ये आणलं. पोट्टा लाजाळू. तिखट खाताना डोळ्यातून पाणी काढे पण वरणभात दोनदा मागून घे. मले आंटी म्हणे.

बाहेर बर्फ, म्हणून गाडी ड्राइव्हवेवर काढायची अन् गॅरेजात प्रॅक्टिस. कोडी वाकून बॉल टाके, राहुल बाजूले स्टुलावर बसून त्याचे पाय पाहे, हात पाहे. मग मागं झेलणार कोण? हे तर सोफ्यावरून हलत नाईत. उरली मी. बॉल कडक राहते बाई, पहिल्या दिवशी बोटं सुजली, दुसऱ्या दिवशी मी ओव्हनचे मिट्स, ते जाड हातमोजे, घालून गेली. अंगात कोट, हातात मिट्स, अन् मी त्या पोट्ट्याच्या मागं उभी. पहिले बॉल कुठंही जाय, एक तर बर्फ काढायच्या शोव्हलवर आदळला. मग हळूहळू नीट येऊ लागला, माझ्या छातीशी, रोज तिथंच.

मग एकदा जेवताना हे सहज म्हणाले, असे किती जण ठेवतात रे ते? राहुल म्हणे, सहावा एकच ठेवतील. मी अन् तो, दोघातला एक. कोडी खाली बेसमेंटमध्ये होता. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी म्हटलं, अरे, जागा एक अन् तू त्यालेच शिकवून राहिला? तर म्हणे, मॉम, पाच जण उभे राहिले पाहिजेत, समबडी हॅज टु बी रेडी. मी लय चिडली. म्हटलं, तुले अक्कल आहे का, अन् मलेही त्यात उभं केलं. तो जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेलीच नाई. कोडी एकटाच बॉल भिंतीवर टाकून राहिला, धप्प, धप्प, किचनपर्यंत आवाज. शेवटी स्टोव्ह बंद केला अन् मिट्स घेऊन गेली. रागात होती, झेललेला बॉल जोरात परत फेकला, तर तो म्हणे, गुड थ्रो आंटी. काय करता अशा पोट्ट्याले.

कॅम्प झाला. ज्याले काढायचं त्याले बोलावतात, टॅब्लेट घेऊन ये म्हणतात, त्यात टीमचे सगळे डाव राहतात, तो परत घेतला की संपलं. त्या सकाळी मी पुऱ्या केल्या, तिखटाच्या, डब्यात भरल्या, कोडीले विंडसरच्या रस्त्यात खायले. मले इतकी खात्री होती ताई. अन् दुपारी दारात राहुल, हातात काळी गार्बेज बॅग, त्यात लॉकरमधले बूट अन् कपडे, टॅब्लेट नाई. डबा टेबलावरच होता. त्यानं उघडला, बसला, खाऊ लागला. मी विचारलं, राग नाई आला? म्हणे, आला ना मॉम, लय आला. पण ही इज बेटर नाऊ. अन् मग माझा एवढा मोठा पोट्टा रडला.

कोडी संध्याकाळी आला, जिन्यावरच उभा, म्हणे मी दुसरीकडं जागा पाहतो. राहुलनं खुर्ची सरकवली, म्हटलं, सिट. ईट. मले मनातून वाढावंसं वाटत नव्हतं, तुम्हाले खरं सांगते. वाढलं.

सीझन सुरू झाला. एका मॅचमध्ये सेंटर लंगडत बाहेर आला अन् कोडी आत गेला. मी अन् राहुल वर बसलेलो. खाली तो वाकला, अन् ताई, त्यानं बॉल टाकला तसे माझे दोन्ही हात आपोआप वर आले, छातीशी, झेलायले. बॉल तिकडं बरोबर मागच्या पोट्ट्याच्या छातीशी. मी हात खाली घेऊन राहिली तर राहुलनं ते धरले, म्हणे, गुड कॅच, मॉम.

आता गुडघा चांगला आहे. इथल्या किंवा दुसऱ्या कोणत्या टीमचा फोन येऊ शकते, सीझन लांब राहते. तो रोज गॅरेजात बॉल टाकते, मीच झेलते, अन् फोन तिथं कपड्यांच्या ड्रायरवर ठेवलेला. सकाळी बुद्धवंदनेले बसली की मनात येते, मागू का, फोन येऊ दे म्हणून? पण तो फोन कसा येते हे मले माहीत आहे. कोणाच्या तरी लेकराचं काहीतरी मोडल्याशिवाय येत नाई. कॅज्युअल असताना मी कधी मागितलं नाई, आता काय मागू. सगळ्यांचं मंगल होवो म्हणते अन् तिथंच थांबते. मग मिट्स घेते अन् गॅरेजात जाते.