वीतभर भिंत

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक बिल्डर सुजलेला गाल धरून बसले होते. शेजारी त्यांची मुलगी होती, कायदा आणि मालमत्ता विकास अशी जोडपदवी शिकणारी.

“बाबा, आज वर्गात मी आपली नवी इमारत दाखवली.”

“वा! सर काय म्हणाले?”

“जिना आवडला त्यांना. पण मागची भिंत शेजारच्या आजींच्या जागेत वीतभर गेलीय.”

“हे सरांनी शोधलं?”

“नाही, मीच टेप लावून मोजलं होतं.”

“घरचा भेदी! भर वर्गात बापाची अब्रू काढलीस?”

“तुम्हीच म्हणालात ना, कायदा शीक, म्हणजे कोणी फसवणार नाही.”

“आपल्याला फसवणार नाही, असं म्हणालो होतो, बाळा.”

“दुखतंय का फार?”

“आता जास्तच. आजींना कळलंय?”

“नाही. उद्या तुम्ही सांगायचं. मी सोबत येईन.”

“माझी वकील म्हणून?”

“त्यांची.”

“आणि माझ्या बाजूने कोण?”

“भिंत मागे घ्या, मग वकील लागणारच नाही.”

त्यांनी खिशातला फोन काढून तिच्या हातात दिला.

“गवंड्याला फोन लाव. मला बोलवत नाहीये.”

“काय सांगू?”

“भिंत पाडायचीय म्हण. आणि सांग, आमची पोरगी पहिली केस जिंकली.”