कलम चारला जोडलेलं पत्र

मोरोपंत : तर कलम चार असं. दर वर्षी सरकारनं लोकसभेपुढं सीमेच्या सुरक्षेचा तक्ता ठेवावा. चौक्या किती, माणसं किती, रस्ता कुठवर पोचला. आणि चौथ्या रकान्यात, माणशी गरम कपडे नि जोडे किती. कळलं का सहदेवा?

(अमरावती, फेब्रुवारी १९६३. मोरोपंत वकिलांची बैठक. त्यांची मुलगी रमा कन्याशाळेत शिकवते. आत्ता ती वडिलांनी लिहिलेल्या विधेयकाच्या मसुद्याची नक्कल करते आहे. सहदेव माळी बाजारात वांगी टाकून तसाच आला आहे. फौजेतला त्याचा मुलगा गोवर्धन ऑक्टोबरपासून सरहद्दीवर बेपत्ता आहे. खुर्ची दिली तरी सहदेव सतरंजीवरच बसला आहे, आणि पुन्हा म्हणावं असं कुणाला वाटलेलं नाही.)

सहदेव : समजलं. पन तक्ता भरीन कोन?

मोरोपंत : कोण म्हणजे? खातं भरेल.

सहदेव : आमचा पटवारी बी खात्याचाच हाय. माह्या संत्र्याच्या वावरात तीन साल झाले ज्वारी लिवून राहिला. चावडीत बसूनच वावर पाह्यते तो.

मोरोपंत : म्हणून तर कायदा पाहिजे. आपले खासदार विधेयक मांडायला तयार आहेत. पण नुसत्या तक्रारीला दिल्लीत कोण विचारतो? पुरावा लागतो. त्यासाठीच गोवर्धनची पत्रं मागवली मी.

सहदेव : दोनच हायत. त्याची माय सत्यवती देत नोयती. मी म्हटलं, वकीलसाहेब पलटनीले अर्ज लिवून देऊन राहिले, पोरगा कुठी हाय ते इचारतीन. मंग देल्ली तिनं.

मोरोपंत : अर्ज लिहिणारच आहे. आधी हे हातावेगळं करू. रमा, सप्टेंबरच्या पत्रातला मजकूर उतरवलास ना? वाच बरं एकदा.

रमा : "बाबा, इथं बरफ पडून राहिला. आमच्या पायात कापडाचे जोडे हायत, ते ओलेच राह्यतात. सायबानं खालच्या क्यांपातूनच सारं सामान पोचलं म्हणून लिवलं. मायले सांगा, लोकरीचे मोजे पाठवा, दोन जोड. लवकर पाठवा."

मोरोपंत : बघ. सेन्सॉरनंसुद्धा यावर शाई फिरवली नाही. याहून चोख पुरावा कुठं मिळायचा?

सहदेव : हे कोनाचं पत्र होय, बाई?

रमा : गोवर्धनचंच, सहदेवकाका. मघाशी तुम्हीच दिलंत.

सहदेव : हे मी ऐकेल हाय. दसऱ्याच्या आंधी आलतं. सत्यवती तठी दाराशी उभी होती, वकीलसाहेबानं याच खुर्चीत बसून वाचलं. त्याच्यात मोजे नोयते.

रमा : अण्णा?

मोरोपंत : रमा, आत जाऊन जरा चहाचं बघ.

रमा : चहा राहू द्या.

सहदेव : मले पाठ हाय ते. "मी खुशाल हाय. जेवन चांगलं हाय. काही पाठवू नका." भाजीच्या जुड्या बांधतानी सत्यवती रोज म्हने, शहाना झाला माहा पोरगा, काही पाठवू नका म्हन्ते.

रमा : "काही पाठवू नका" असं यात कुठंच नाही, अण्णा.

मोरोपंत : ती आधीच रडत होती गं. म्हटलं, कशाला तिच्या जिवाला घोर? पंधरा दिवसांत सरकार पाठवेलच सगळं, असं मला खरंच वाटलं. चाळीस वर्षं या लोकांची पत्रं वाचून दाखवतोय मी. कुणाचं दुखणं असलं तर थोडं कमी करून सांगतो. आजवर कुणाचं वाईट झालं नाही. हे मोज्यांचं तर मी विसरूनही गेलो होतो.

सहदेव : इतवाऱ्याच्या बाजारात भेटत होते मोजे. सायकलीनं जाऊन त्याच दिवशी टपालात टाकले असते.

रमा : दिवाळीनंतर आम्ही शाळेत जवानांसाठी मोजे विणले. सगळ्या वर्गांनी. लोकर तुम्हीच आणून दिलीत, अण्णा. तेव्हाही बोलला नाहीत.

मोरोपंत : तोवर बेपत्ता असल्याची तार आली होती. सांगून काय झालं असतं? उलट आता त्या पोराच्या शब्दांचं चीज होईल. पुढच्या पोरांना तरी जोडे मिळतील. सेन्सॉरनं ओळ सोडली ती उगीच नाही, सहदेवा.

सहदेव : व्हय. त्यानं नाही खोडली. तुमी खोडली.

मोरोपंत : चुकलं माझं.

रमा : हे पत्र मी जोडणार नाही.

सहदेव : जोडा, बाई. पोराईले जोडे भेटू द्या. पन तक्त्यात एक रकाना वाढवा. खालून आलेला कागद वाचला कोनं, त्याचं नाव लिवाचं त्याच्यात.

मोरोपंत : सत्यवतीला सांगशील हे?

सहदेव : दुपारी भाकर वाढतानी ते इचारतेच, वकीलसाहेब काय म्हनले म्हून. काय सांगू तिले?

मोरोपंत : तो अर्ज मी आजच लिहितो. आत्ता, तुझ्यासमोर.

सहदेव : अर्ज मंग लिवा. हे दुसरं पत्र. दिवाळीत आलतं. ह्याच्यात बी तुमी खुशालच वाचलं होतं.

मोरोपंत : रमा वाचेल.

सहदेव : नाही. तुमीच वाचा. जेवढं लिवलं तेवढं.