अक्कांचा पासवर्ड

मी एकदा आमचं अख्खं कॉलेज ठप्प केलं होतं, ते सांगितलं का तुम्हाला? इथेच, जळगावला. तिथली कॉम्प्युटरची व्यवस्था मी बघतो. आमच्याकडे सगळ्यांचे कॉम्प्युटर व्हर्च्युअल, म्हणजे टेबलावर नुसता स्क्रीन, बाकी सगळं एकाच मोठ्या सर्व्हरवर चालतं आणि प्रत्येकाचं फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे कुलूपबंद. कोणाला काय उघडता येतं, ते नियम तपासताना मी हौसेने इतके कडक केले की कोणालाच काही उघडेना. मलासुद्धा! आणि दुपारी निकाल लावायचा होता.

घामाघूम होऊन अधिकारांची यादी चाळली; ती दिसत होती, पण बदलता येत नव्हती. पूर्ण अधिकार असलेलं एकच नाव काढायचं राहिलं होतं, माझ्या आधी हे काम बघणाऱ्या अक्कांचं. त्या रिटायर होऊन फैजपूरला राहतात. लगेच फोन लावला.

"अक्का, तुमचा जुना पासवर्ड आठवतो?"

"आठवतो की."

"सांगा ना पटकन."

"फोनवर? येडा झाला का रे तू?"

अक्का बस पकडून आल्या. मला तोंड फिरवायला लावून पासवर्ड टाकला आणि माझे अधिकार परत दिले. निकाल वेळेवर लागला. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाल्या, "ते राहू दे. आधी माझं नाव काढ. आत्ता, माझ्यासमोर."

काढलं. अक्कांनी खात्री करायला पुन्हा पासवर्ड टाकला. स्क्रीनवर आलं, 'प्रवेश नाही.'

अक्का खळखळून हसल्या. "चला, आता मी खरी रिटायर झाली!"