बिनाहोंगचं पान

वोनोसोबो शहरातल्या माझ्या दवाखान्यात माझ्यापुढे झाडपाल्याचं औषध देणाऱ्या सुमिनी आजी पाय लांब करून बसल्या होत्या. शेजारी बसलेली प्रयोगशाळेतली वुलान त्यांना म्हणाली,

"आजी, तुमच्या बिनाहोंग वेलीच्या पानांच्या अर्कानं प्रयोगशाळेतल्या बशीतले जंतू मेले."

"चाळीस वर्षं मी दुसरं काय सांगतेय?"

"मग तुमच्या पायाची जखम का चिघळली?"

"पानं जून निघाली."

"पानाला बोल लावू नका. बशीतल्या अर्काचं औषध व्हायला कैक वर्षं लागतील. तोवर पाय राहील का?"

"आलेय ना इथं!"

"डॉक्टरांच्या गोळ्या घ्या. गावात मी कुणाला सांगणार नाही."

"सांग. शेजारच्या कार्तीच्या जखमेवर परवाच मी हेच पान बांधलंय. जा, घेऊन ये तिला. मी तिचा नंबर धरून ठेवते."