वाघ्या कोणाचा

हसू नका, ऐका. मी तेव्हा राखोलीच्या कारखान्यात मुकादम होतो. सुट्टीला खात्यातली पाच माणसं आणि माझा कुत्रा वाघ्या घेऊन समुद्रकाठच्या राखीव जंगलात मुक्कामाला गेलो.

नाक्यावर रखवालदाराने अडवलं. "कुत्रा कोणाचा? मालकाने त्याला घेऊन परत जायचं."

माझ्या माणसांसमोर मी परत फिरू? म्हणालो, "आमचा नाही. वाटेत मागे लागला."

"मग हाकलतो," म्हणत त्याने दगड उचलला. मी पिशवी खांद्यावर चढवली.

माझ्या हाताखालचा धुळ्याचा सुकलाल पुढे झाला. "मारू नका साहेब, कुत्रा माझा आहे. मुकादम, तुम्ही जा. मी याच्यापाशी बाहेर थांबतो."

आणि मी गेलो.

दुसऱ्या दिवशी बाहेर आलो, तर दोघे झाडाखाली बसलेले. मी हाक न मारता पुढे निघालो. वाघ्याच धावत आला आणि माझे हात चाटू लागला.

रखवालदार सुकलालला म्हणाला, "तुझा कुत्रा परक्यालाही जीव लावतो रे!"

सुकलालने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "काय करणार साहेब, त्याला माणसांची पारख नाही."